उंच इमारतीत घर बघताय? महारेराचं संकेतस्थळ किती कामाचं आहे

डिसेंबर 2020मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि मध्यम शहरांच्या उंचीला वेग आला. नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोड पट्ट्यात जिथे बंगला किंवा तीन-चार मजल्यांची सोसायटी असायची, तिथे आता पंधरा-वीस मजल्यांचे टॉवर उभे राहताहेत. अशा टॉवरमध्ये घर घेणाऱ्याच्या हातात फुकट आणि घरबसल्या मिळणारं मुख्य साधन आहे: महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, संकेतस्थळ. कागद आणि पैसा तपासायला ते उत्तम आहे, 5 पैकी 4 गुण. दाटीचे प्रश्न, म्हणजे पाणी, रस्ता, हवा, आग यांसाठी मात्र 2च. त्या दोन गुणांचा फायदाही नकाशा उघडून वाचणाऱ्यालाच मिळतो.

प्रकल्प शोधणं सोपं आहे. 1 ऑगस्ट 2023पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की थेट प्रकल्पाचं पान उघडतं. कोड नसलेली जाहिरात असेल तर नोंदणी क्रमांक मागा. टॉवरला नोंदणीतून सूट सहसा मिळत नाही, कारण ती सूट 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा 8 पर्यंत सदनिकांना आहे.

पान उघडल्यावर आधी तारखा बघा. मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख वेगवेगळ्या दिसल्या तर मुदतवाढ झाली आहे. मग तिमाही प्रगती अहवाल बघा. एकूण सदनिका, विकल्या गेलेल्या सदनिका आणि कामाची टक्केवारी एकमेकांशी जुळतात का? ऐंशी टक्के विक्री आणि वीस टक्के काम असेल, तर पुढचं बांधकाम कोणाच्या पैशावर होणार हा प्रश्न विचारायलाच हवा. ग्राहकाकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि आर्किटेक्ट, अभियंता, सीए यांच्या दाखल्यांनुसार कामाच्या प्रमाणातच काढता येतात. हे दाखले संकेतस्थळावर येतात. सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा शेजारी ठेवून वाचा.

आता सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी वाचला जाणारा रकाना: मंजूर एफएसआयनुसार (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) बांधकाम क्षेत्र आणि त्याच्याच जवळ ‘प्रस्तावित, पण मंजूर नसलेलं’ क्षेत्र. दुसरा आकडा मोठा असेल तर इमारत आज दिसते त्याहून उंच होणार, किंवा मोकळ्या दिसणाऱ्या कोपऱ्यात आणखी एक विंग येणार. मंजूर नकाशात मोठा बदल करायला कायद्याने दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. पण प्रस्तावित क्षेत्र आधीच जाहीर केलेलं असलं की ‘तुम्हाला हे माहीत होतं’ असा युक्तिवाद पुढे येतो. म्हणून हा आकडा करारावर सही करण्याआधी बघायचा.

हा आकडा कुठून येतो ते साध्या हिशोबाने कळतं. महापालिका हद्दीत, दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय 1.1. रस्ता 15 ते 24 मीटर रुंद असेल तर प्रीमियमचे (पैसे भरून मिळणारे) 0.5 आणि टीडीआरचे (दुसऱ्या जमिनीवरून आणलेल्या बांधकाम हक्काचे) 0.9 मिळून 2.5. त्यावर निवासी इमारतीला 60 टक्के पूरक एफएसआय. 1,000 चौरस मीटरच्या प्लॉटवर 1,000 × 2.5 × 1.6 = 4,000 चौरस मीटर बांधकाम. एका मजल्यावर 250 चौरस मीटर धरले तर 16 मजले. हाच प्लॉट 9 मीटरच्या रस्त्यावर असेल तर बेरीज 2.0 आणि बांधकाम 3,200 चौरस मीटर. म्हणजे अरुंद गल्लीतसुद्धा जवळजवळ तेरा मजल्यांइतका एफएसआय कागदावर बसतो. शेजारचे चार बंगलेही असेच पाडले गेले तर त्या गल्लीत गाड्या कुठे मावतील, हे महारेराचं कोणतंही पान सांगत नाही. ते टेप घेऊन स्वतःच मोजावं लागतं.

त्यानंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची पीडीएफ उघडा. पहिलं पान बघून बंद करू नका. परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. जाहिरातीत 22 मजले आणि प्रमाणपत्र जोत्यापुरतं किंवा 14 मजल्यांपुरतं, असं घडू शकतं. अठराव्या मजल्याचं घर बुक करणाऱ्याला ही ओळ फार महाग पडू शकते.

मंजूर नकाशात तीन गोष्टी शोधा. पहिली, बाजूचं आणि मागचं अंतर. ते उंचीच्या साधारण एक पंचमांश हवं, म्हणजे 50 मीटर उंचीला 10 मीटर. तुमच्या बेडरूमची खिडकी याच अंतराकडे उघडते. दुसरी, आगीच्या वेळी थांबायची आश्रय जागा. राष्ट्रीय इमारत संहितेच्या सर्वसाधारण नियमानुसार ती 24 मीटरच्या लगेच वर आणि पुढे दर 15 मीटरला लागते. ती कितव्या मजल्यावर आहे, जिन्याला जोडलेली आहे का, आणि विक्रीच्या माहितीपत्रकात तीच जागा ‘स्काय गार्डन’ म्हणून तर दाखवलेली नाही ना, हे पडताळा. तिसरी, पार्किंग. लहान प्लॉटवरच्या टॉवरमध्ये एकावर एक गाड्या ठेवणारी यांत्रिक पार्किंग येते. तिथे उंच गाडी बसत नाही आणि वीज गेली की गाडी अडकते. एप्रिल 2024च्या आदेशानुसार पार्किंगचा क्रमांक, जागा, लांबी, रुंदी आणि उंची वाटपपत्रात व करारात जोडावी लागते; आपल्या गाडीची उंची त्याच्याशी ताडून बघा. उघडी पार्किंग विकताच येत नाही.

मोठ्या प्रकल्पात प्रत्येक विंगची नोंदणी वेगळी असू शकते. तुमच्या विंगची तारीख जवळची, पण क्लबहाऊस आणि पोहण्याचा तलाव शेवटच्या टप्प्यात, तीन वर्षांनी. त्यामुळे एकाच प्रकल्पाच्या सगळ्या नोंदण्या शोधून वाचाव्या लागतात, आणि त्या एकत्र दाखवायची सोय अजून समाधानकारक नाही. मला ही संकेतस्थळाची मोठी उणीव वाटते.

पाण्याबाबत तर पान जवळजवळ मुकंच आहे. 80 सदनिका, प्रत्येकी 5 माणसं, माणशी 135 लिटर: रोज 54,000 लिटर. पालिकेची जोडणी अपुरी पडली तर 10,000 लिटरचे पाच-सहा टँकर, रोज. बिल्डरला पालिकेच्या जोडणीचा व्यास, जमिनीखालच्या टाकीची क्षमता आणि बोअरवेल किती हे लेखी विचारा. उत्तर करारात येत नसेल तर त्या उत्तरावर विसंबू नका.

पुनर्विकासात जुन्या सभासदांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोंदणी क्रमांक आला म्हणजे आपलं घर सुरक्षित झालं असं नाही. त्यांचे हक्क मुख्यतः सोसायटी आणि विकासक यांच्यातल्या विकास करारातून येतात, म्हणून बँक हमी, भाडं आणि मुदत या अटी तिथेच पक्क्या करायच्या.

तक्रारीची सोय चांगली आहे. 5,000 रुपये शुल्क, अर्ज ऑनलाइन, वकील सक्तीचा नाही, आधी सलोखा मंचाकडेही जाता येतं. ताबा उशिरा मिळाला तर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेचा कर्जाचा आधारभूत व्याजदर) 2 टक्के जादा दराने व्याज मागता येतं, आणि ताब्यानंतर 5 वर्षांपर्यंतचे बांधकामातले दोष विकासकाला विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात. अडचण आदेशानंतरची आहे. पैसे न दिल्यास वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते; त्यासाठी तहसील कार्यालयात सतत पाठपुरावा करावा लागतो. वॉरंट निघाल्यावर विकासकाच्या मालमत्तांची यादी, सातबारा उतारे आणि न विकलेल्या सदनिकांचे क्रमांक स्वतः जोडून द्या. न विकलेल्या सदनिकांची माहिती याच संकेतस्थळावरच्या शेवटच्या तिमाही अहवालात असते.