आजीची सिंगर पायमशीन, उन्हाळा ते दिवाळी वापरल्यावर

झालं असं की माझी मोटरवाली मशीन एप्रिलमध्ये बंद पडली. आतला प्लास्टिकचा गियर घासला होता. सर्व्हिसवाल्यांनी आधी आठ दिवस ठेवून घेतली, मग सांगितलं की पार्ट येत नाही, नवीनच घ्या. तपासणीचे पैसे वर घेतले ते वेगळेच. इतका संताप आला की मी इथे नागपुरातच मोठ्या मामाकडे सक्करदऱ्याला गेले आणि आजीची पायमशीन टेम्पोत टाकून घरी आणली.

काळी, सोनेरी वेलबुट्टीची, सिंगरचं 15 के मॉडेल. नंबर ई नी सुरू होतो म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. तो कारखाना 1980 सालीच बंद झाला पण सुई, बॉबिन, बॉबिन केस आजही इतवारीत कुठल्याही मशीनच्या दुकानात मिळते, तीच साधी घरगुती मशीनची सुई चालते. आणि माझ्या इलेक्ट्रिकचा एक गियर मिळत नाही, आता बोला!

आणली तेव्हा जाम होती. आजीच्या नंतर कोणीतरी खोबरेल तेल घातलं होतं, ते सुकून गोंदासारखं झालेलं. प्रत्येक छिद्रात थोडं थोडं रॉकेल सोडून रात्रभर ठेवली, सकाळी चाक हाताने हळूहळू मागेपुढे केलं तर काळा चिकटा बाहेर यायला लागला. तो पुसून मग मशीनचंच तेल घातलं. त्यानंतरचा तो आवाज, खटखट नाही, एकसारखा मऊ, आजी दुपारी शिवायला बसायची तेव्हाचा तोच. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, तिथले कटपीस घरी यायचे आणि आम्हा सगळ्या नातवंडांचे फ्रॉक, चड्ड्या, उशांचे अभ्रे याच मशीनवर झाले. माझे हात त्याच लाकडावर टेकतात याचं मला खरंच खूप वाटतं.

आता पट्टा, म्हणजे खालच्या चाकाने वरचं चाक फिरवणारा. मला मुख्य बोलायचंय ते पट्ट्याबद्दलच, कारण बाकी मशीनने काहीही त्रास दिला नाही आणि या चामड्याच्या दोरीएवढ्या वस्तूने सगळं डोकं खाल्लं. नवीन पट्टा लावला की थोडे दिवसांत ताणतो, मग पायडल मारलं की खालचं मोठं चाक फिरतं आणि वरचं जागेवर. पक्कडीने तारेची क्लिप उघडायची, बोटभर कापायचा, टोच्याने नवीन भोक पाडायचं, क्लिप परत दाबायची. जास्त कापला की पायडल जड होतं आणि गुडघे दुखतात. बोटाने दाबला तर किंचित दबला पाहिजे, तेवढाच.

जूनमध्ये मी ठरवलं होतं की चामडं नकोच. तापवून जोडायचा सिंथेटिक पट्टा लावला. ताणत नाही हे खरं, पण जोडावर जी गाठ राहते ती चाकावरून जाताना दर फेरीला टक् करते आणि टाक्याला बारीक हिसका बसतो. ब्लाउजच्या गळ्याला तो हिसका दिसतो हो. पावसाळ्यात परत चामड्यावर आले, दोनदा कापावा लागला, ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाल्यापासून मस्त चाललाय. काम झालं की पट्टा चाकावरून उतरवून ठेवते, ताण कमी पडतो आणि घरात लहान मुलं असली तर ते करायलाच हवं.

रिव्हर्स नाही याची सुरुवातीला फार चिडचिड व्हायची. आता मात्र सुई कापडात ठेवून, मशीनचा कापड दाबणारा पाय उचलून कापडच फिरवते आणि दोनतीन टाके परत घालते, उलट जास्त साफ दिसतं. पायडल उलटं गेलं की दोरा तुटतो, म्हणून सुरू करताना वरचं चाक हाताने आपल्याकडे ओढायचं, सवय होते.

जीन्सच्या बाजूच्या जाड शिवणीवर मोटरवाली अडकून घुं घुं करायची. इथे 18 नंबरची सुई, एक हात चाकावर, एकेक टाका मोजून पलीकडे. जुन्या साड्यांची गोधडीही झाली. मे महिन्यात लाईट गेली तरी खिडकीजवळ बसून काम चालू. टाका टाका पायाच्या ताब्यात असतो ही गोष्ट मला मोटरवर कधीच मिळाली नाही.

दुकानवाले भाऊ दर वेळी म्हणतात, "काहून ताई, मोटर लावून घ्या ना, स्वस्तात होते." नाही लावणार.

आणि एक गोष्ट मनापासून खटकते. लोक बिडाचा स्टँड ठेवतात, वर काच टाकून टेबल करतात आणि चालतं हेड, म्हणजे वरची मशीन, भंगारात देतात. जुनी घेणार असाल तर जाम हेडला घाबरू नका, स्टँडला आणि पायडलला तडा नाही ना तेवढं बघा, बीड जोडलं तरी भरवसा नसतो. नागपुरात कोणाकडे असं हेड पडलं असेल तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी मला कळवा, मी रॉकेल आणि तेल घेऊन येते, सोडवून देते.