गोव्यात प्रमाणशीर मतदान मागायचंच असेल तर कुठलं मागायचं?

२०१७ ला भाजपला साडेबत्तीस टक्के मतं नि १३ जागा, काँग्रेसला अठ्ठावीस टक्के नि १७ जागा. २०२२ ला भाजपची मतं जेमतेम ३३ टक्के झाली आणि जागा थेट २०. त्याच वर्षी आरजीला (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाला) साडेनऊ टक्के मतं मिळून आमदार एकच, तोही सांत आंद्रेत ७६ मतांनी, आणि तृणमूलला पाच टक्क्यांच्या वर मतं मिळून भोपळा. हे आकडे बघितल्यावर प्रमाणशीर पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, हवी असं बरेच जण म्हणतात, पण कुठली म्हटलं की गप्प, आणि खरा फरक तर तिथंच आहे.

आधी एक घोळ मिटवू. हाउसिंग सोसायटीच्या इलेक्शनला असतं तसं पॅनल, म्हणजे ५ जागा आणि तुम्हाला पण ५ मतं, हे प्रमाणशीर नव्हे. चाळीस टक्केवालं पॅनल पाचच्या पाच घेऊन जाऊ शकतं.

आता बंद यादी. मत पक्षाला, नावांचा क्रम पक्ष ठरवतो. पोर्तुगालच्या संसदेच्या २३० जागा जिल्हावार अशाच भरतात. विधानसभेच्या ४० जागांसाठी अख्ख्या गोव्याची एकच यादी केली तर अडीच टक्क्यांना साधारण एक जागा, म्हणजे २०२२ च्याच मतांवर भाजप १३ च्या आसपास, काँग्रेस ९, आरजी ४, तृणमूल २. हिशोब म्हणून याच्याइतकं चोख दुसरं काही नाही. शिवाय यादीत बाई-पुरुष-बाई-पुरुष असा क्रम सक्तीचा करता येतो, आणि २०२२ ला ४० पैकी फक्त ३ बायका निवडून आल्या हे बघता हा मुद्दा मला खरंच मोठा वाटतो.

तरी माझा बंद यादीला विरोध आहे. क्रम कोण लावणार? दिल्ली. जुलै २०१९ ला काँग्रेसचे १० आमदार भाजपात गेले, सप्टेंबर २०२२ ला ११ पैकी ८ गेले, दोन्ही वेळा दोन तृतीयांशचा आकडा गाठून, म्हणून पक्षांतराचा कायदा लागू झाला नाही. पण २०१९ वाल्यांपैकी बहुतेकांना २०२२ ला लोकांनी घरी बसवलं ना, नाव बघून, माणूस बघून! बंद यादीत अशा फुटलेल्याला नव्या पक्षाने दुसऱ्या नंबरवर टाकला की तो आलाच, तुम्ही काय करणार? हां, पोर्तुगालात निवडून आल्यावर दुसऱ्या पक्षात गेलं की खासदारकीच जाते, तसा कायदा आपल्याकडे सोबत आला तर मी परत विचार करीन.

खुली यादी त्यापेक्षा बरी. फिनलंडमध्ये मतपत्रिकेवर उमेदवाराचा नंबर लिहायचा, पक्षाला जागा किती ते सगळ्यांच्या बेरजेवर आणि त्या कुणाला ते वैयक्तिक मतांवर. अडचण अशी की तुमच्या मताने त्याच यादीतला नको असलेला माणूस पण वर येऊ शकतो, आणि एकाच पक्षाचे लोक एकमेकांचे पाय ओढतात.

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून दोन मतं असतात, एक स्थानिक उमेदवाराला, एक पक्षाला, आणि यादीतून भरपाई करून प्रमाण जुळवतात. आपल्याकडे ४० चे २० मतदारसंघ करून उरलेल्या २० जागा यादीला ठेवाव्या लागतील, म्हणजे मतदारसंघ दुप्पट मोठे. नेपाळचं मॉडेल मात्र कुणी सुचवलं तर सावध, तिथं १६५ जागा थेट आणि ११० यादीतून, पण दोन्ही हिशोब वेगवेगळे, थेट जागांमधला असमतोल भरून निघत नाही.

माझं मत पसंतीक्रमाला, आयर्लंड नि माल्टासारखं. एका मतदारसंघात ३ ते ५ जागा, तुम्ही उमेदवारांना १, २, ३ असे नंबर द्यायचे. फोंडा तालुक्यात आत्ता ४ जागा आहेत (फोंडा, प्रियोळ, मडकई, शिरोडा), समजा तिथं एक लाख वैध मतं पडली तर कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, २०,००१. एखाद्याला त्याहून जास्त मिळाली तर वरची मतं पुढच्या पसंतीला जातात, सगळ्यात मागचा बाद झाला की त्याचीही जातात, म्हणून मत सहसा वाया जात नाही. तिसवाडी तालुका ५ जागांचा, डिचोली ३ आणि सत्तरी २ मिळून ५, सासष्टीच्या ८ चे दोन गट, सगळं बसतं. अपक्षांनाही जागा राहते, २०२२ ला ३ अपक्ष आले होते आणि यादीत अपक्षाला एकट्याची यादी काढावी लागेल.

तोटा लपवत नाही. चार जागांत कोटा वीस टक्क्यांचा, त्यामुळे सगळीकडे पसरलेल्या नऊ-दहा टक्केवाल्या पक्षाला दुसऱ्यांच्या पसंतीवर जगावं लागतं, त्यांना यादीच जास्त फायद्याची. मोजणीलाही वेळ लागतो. पण लोकांना झेपणार नाही हे मला पटत नाही, राज्यसभेला आणि राष्ट्रपतिपदाला आपले आमदार असंच नंबर देऊन मत देतात, त्यांना जमतं तर आपल्यालाही जमेल.

विधानसभेसाठी कायदा संसदेला बदलावा लागेल, ते लांबचं. पंचायत-पालिकेचा कायदा राज्याच्या हातात आहे आणि गावच्या पंचायतीत नि पालिकेत पक्षाच्या चिन्हावर निवडणूक होतच नाही, म्हणजे पक्षाच्या याद्यांचा प्रश्नच नाही. पणजी महापालिकेचे ३० वॉर्ड आहेत, ५-५ चे ६ गट करून तिथंच १-२-३ मागायला आपण सुरुवात करू शकतो.