ई-मायग्रेट: एजंटाला पासपोर्ट देण्याआधी उघडावी अशी सरकारी सेवा

परदेशातील नोकरीसाठी एजंटाकडे पासपोर्ट किंवा पैसे देण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाचे 'ई-मायग्रेट' हे संकेतस्थळ पाहावे, असे मी आखातात निघालेल्या प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचा सर्वात मोठा उपयोग म्हणजे एजंटांची यादी. एजंटाचा परवाना चालू आहे, निलंबित आहे की रद्द झाला आहे, हे तेथे कोणालाही विनाशुल्क तपासता येते आणि तक्रारी आलेल्या बिगरनोंदणीकृत एजंटांची नावेही स्वतंत्रपणे दिलेली असतात. गावात येऊन "भाऊ, व्हिसा तयार आहे" म्हणणाऱ्या दलालाचे नाव परवानाधारकांच्या यादीत सापडत नाही, कारण परवानाधारकाला असे उपएजंट नेमण्याची मुभाच नाही.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर सहसा 'ईसीआर' (उत्प्रवास तपासणी आवश्यक) अशी नोंद असते आणि आखातासह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्यांना उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी मालक, पगार आणि करार यांची नोंद संकेतस्थळावर होत असल्याने, परदेशात पोहोचल्यावर वेगळेच काम किंवा कमी पगार पुढे केला गेला, तर कामगाराच्या हाती निदान पुरावा असतो. त्यांना सक्तीची असलेली प्रवासी भारतीय विमा योजना दोन वर्षांसाठी अवघ्या २७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण देते.

शुल्काच्या बाबतीत मात्र माझे समाधान झालेले नाही. नियमानुसार एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात व त्याची पावती देणे बंधनकारक आहे; पावती मागताच टाळाटाळ करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. पण मुळात कामगाराकडून शुल्क घ्यावेच का? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारनाम्यानुसार हा खर्च सर्वसाधारणपणे कामगारावर पडता कामा नये, आणि भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. हे शुल्क भरण्यासाठी काढलेले सावकाराचे कर्ज डोक्यावर असलेला माणूस पासपोर्ट मालकाने काढून घेतला, पगार थकवला, तरी परतण्याचे धाडस करत नाही. सक्तीच्या मजुरीचे मूळ पुष्कळदा या कर्जातच असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील मंजुरीची अट सुशिक्षितांना सहसा लागू होत नाही. 'डेटा एंट्री'च्या नोकरीसाठी थायलंडला बोलावून पुढे म्यानमारमधील म्यावड्डीसारख्या ठिकाणी सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या तरुणांत पदवीधर होते. पर्यटक व्हिसावर निघालेल्यांचा करार या नोंदींत येतच नाही. त्यामुळे दहावीच्या पुढे शिकलेल्यांनीही या संकेतस्थळावर एजंटाचे नाव शोधावे, आणि तो पर्यटक व्हिसावरच पाठवतो म्हणत असेल, तर नकार द्यावा.