उन्हाळ कांदा: 50 किलो, सहा महिने

एप्रिलच्या शेवटी मावसभावाच्या निफाडच्या मळ्यातून 50 किलो उन्हाळ कांदा पुण्याला आणला. आता नोव्हेंबर लागलाय आणि तीन-चार किलो उरलाय. घरात आम्ही पाच माणसं.

बाजारात ज्याला 'लाल कांदा' म्हणतात तो खरिपाचा. रंगाने गडद, पाणी जास्त, टिकायला कच्चा. गेल्या हिवाळ्यात एका व्यापाऱ्याच्या शब्दावर तो 20 किलो घेतला आणि निम्मा फेकावा लागला, फार वाईट वाटलं. उन्हाळ कांदा रब्बीचा. फिकट लालसर, पत्ती म्हणजे वरची साल घट्ट. घेताना मान बघा. बारीक आणि वाळलेली हवी. जाड, ओलसर मानेचा कांदा तिथूनच सडायला लागतो.

गोणीत ठेवला नाही. जाळीच्या क्रेटमध्ये, खाली विटा, बटाट्यांपासून लांब. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सालीखाली काळी बुरशी दिसू लागली, मग दर रविवारी सगळे निवडत बसले. सहा-सात किलो गेलेच. ऑक्टोबरपासून कोंब फुटतायत. ते आधी चिरते, हिरवा कोंब ऑम्लेटमध्ये जातो.

खरी कमाल वाटणात. चिरून कोरड्या तव्यावर टाकला की लाल कांद्यासारखा पाणी सोडत बसत नाही, कडा लवकर तांबूस होतात आणि खोबऱ्याबरोबर भाजल्याचा वास जिन्यापर्यंत जातो. पिठल्यासोबत मात्र बुक्कीने फोडलेलाच हवा. चिरलेल्यावर लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवला, तर कडेची जांभळट रेघ लख्ख गुलाबी होते. ते अँथोसायनिन, आंबटात गुलाबी होणारं रंगद्रव्य. डोळ्यांना फार झोंबत असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून चिरा, खूप फरक पडतो.

पोषणाबद्दल वाट्टेल ते दावे ऐकते. 100 ग्रॅममध्ये साधारण 40 कॅलरी, जवळजवळ 90 टक्के पाणी, सी जीवनसत्त्व 7 मिलिग्रॅमच्या आसपास. औषध म्हणून खाऊ नका, चवीसाठी खा. क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट बाहेरच्या पदरांत जास्त असतं, म्हणून आता वाळलेली सालच तेवढी काढते, पहिला रसरशीत पदर टाकत नाही. सासऱ्यांना रात्री कच्चा कांदा सोसत नाही. त्यातल्या फ्रुक्टनमुळे, म्हणजे नीट न पचणाऱ्या एका कर्बोदकामुळे, काहींना वायू होतो. त्यांना दुपारीच, तोही दोन फोडी.

पुढच्या एप्रिलसाठी भावाला 10 किलो गोल्टी, म्हणजे बारके कांदे, जास्तीची सांगून ठेवली आहे, भरल्या कांद्यांसाठी.