वॉकर धरून चालते, बँडच्या हिशोबात मी बसलेलीच (सात महिन्यांनंतर)

२,२०० चा, मनगटावर बांधून पावलं मोजणारा फिटनेस बँड. बॅटरी, डिस्प्ले वगैरे तुम्हाला माहीत असेलच, मी फक्त पावलांबद्दल लिहितेय, कारण परवा पट्टा तुटला म्हणून कस्टमर केअरला फोन केला आणि जुना राग पुन्हा वर आला.

जानेवारीत खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून रोज थोडं थोडं वाढवत चाला असं सांगितलेलं. इथे मालवणात आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळशीपासून गेटपर्यंत माझी २२ पावलं होतात. जाऊन परत आले की तुळशीच्या कट्ट्यावर दोन चिंचोके ठेवायचे, जाण्याचा एक, येण्याचा एक. ३० चिंचोके म्हणजे ६६० पावलं, आणि बँड दाखवतो ९४! अंग घामाने भिजलेलं, तळहात लाल झालेले, आणि वर तो हातावर थरथरून सांगणार की खूप वेळ बसलात, उठा. त्या दिवशी रडले मी.

मनगटावरचा बँड हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतो, वॉकर धरला की हात जागचा हलतच नाही, त्यात माझी चाल हळू. केअरवाला म्हणाला, "मॅडम, हात हलवत चाला." वॉकर सोडून? शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "गो, तां घड्याळ पायात बांधून बघ मगे." इलॅस्टिक शिवून घोट्याला बांधला तर ६६० चे ६१० आले. नाडीचे ठोके तिथे धड येत नाहीत, पण मला पावलंच हवी होती, तेव्हा चार स्टार द्यायचं ठरवलेलं.

मग पाऊस सुरू झाला. खळं शेवाळलं, म्हणून आता काठी घेऊन पडवीत चालते, आठ पावलं झाली की भिंत येते, थांबून वळायचं, परत आठ. पुन्हा आकडा पडला, कारण असे बरेच बँड सलग दहाएक पावलं पडल्याशिवाय मोजायलाच घेत नाहीत, नुसता हात हलला तर पाऊल धरू नये म्हणून. म्हणजे घरातल्या घरात चालणाऱ्या माणसाचं चालणं त्यात धरलेलंच नाही. आणि कुडाळला रिक्षातून गेले तर खड्ड्यांची २०० पावलं मात्र चोख मिळाली.

हे जमत नाही असं नाही हो. ॲपलने २०१६ लाच घड्याळात व्हीलचेअरवाल्यांसाठी सोय दिली, चाकाला हाताने दिलेले रेटे मोजतात आणि उभं राहा असं सांगतही नाहीत. मग स्वस्तातल्या बँडच्या ॲपमध्ये वॉकर, काठी, घोटा एवढे तीन पर्याय द्यायला काय हरकत आहे? आणि ते १०,००० चं टार्गेट, ते १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकताना आलेलं, डॉक्टरांनी ठरवलेलं नव्हे. मी माझं ८०० करून घेतलंय.

आता दोन स्टार. आईवडिलांसाठी घेणार असाल तर आधी १०० पावलं तोंडाने मोजून ताडून बघा. आणि घोट्याला पुरेल एवढा लांब पट्टा कुठे मिळत असेल तर सांगा, कणकवलीत दोन दुकानं फिरले, नाही मिळाला.