‘डंजन मास्टर’ पुन्हा खेळताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव
एफटीएल गेम्सचा ‘डंजन मास्टर’ हा चार वीरांना घेऊन भुयारात उतरण्याचा संगणकीय खेळ १९८७ मध्ये अटारी एसटी या संगणकासाठी निघाला. गेले काही महिने मी तो एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) पुन्हा खेळत आहे आणि स्मरणरंजनाचा भाग वगळूनही मला वाटते की, खेळणाऱ्याला सतत घाईत ठेवण्याची त्याची हातोटी अजून ओसरलेली नाही. चाल चौकटीचौकटीनेच होते, वळणेही काटकोनातच घेता येतात. मात्र आपण विचार करत उभे राहिलो म्हणून समोरचा प्राणी थांबत नाही. आधीच्या ‘विझर्ड्री’ या खेळात आपल्या पाळीला निवांत डोके खाजवता येत असे, ती चैन येथे नाही.

याची खरी झळ जादू करताना बसते. मंत्र यादीतून उचलायचा नसून चिन्हे जोडून घडवायचा असतो: आधी शक्तीचे चिन्ह, मग बाकीची. आगीच्या गोळ्यासाठी ‘लो’, ‘फुल’, ‘इर’ अशी तीन बटणे दाबून मगच मंत्र सोडता येतो, आणि नेमक्या त्याच वेळी ममी अंगावर आलेली असते. म्हणून चिन्हे आधीच लावून ठेवावीत आणि मगच दार उघडावे. मंत्र भुयारातील गुंडाळ्यांवर लिहिलेले सापडतात, परंतु ते आठवत असतील तर गुंडाळी मिळेपर्यंत थांबावे लागत नाही. पुन्हा खेळणाऱ्याला ही मोठीच सवलत आहे, अर्थात वीराच्या अंगी तेवढे कौशल्य हवे.

कौशल्य वाढते ते वापराने. २४ वीरांमधून निवडलेल्या चौघांपैकी जो वस्तू फेकत राहील तो निंजा म्हणून तयार होतो, त्यामुळे मागच्या रांगेतील जादूगारालाही मी खंजीर फेकायला लावतो. पण सर्वांत भरवशाचे हत्यार म्हणजे दार! प्राणी उंबऱ्यात आला की बटण दाबावे. वरून येणारे दार त्याच्या डोक्यावर आदळत राहते.

जाच होतो तो खाण्यापिण्याचा. स्क्रीमर नावाचे आळंबीसारखे प्राणी मारून त्यांचे काप गोळा करणे, पखाली भरणे, विझत आलेल्या मशाली बदलणे, यांत बराच वेळ जातो आणि काही महिन्यांनी ते कंटाळवाणे होते. नकाशाही आपोआप तयार होत नाही. मी चौकटीच्या कागदावर तो काढतो. अदृश्य टेलिपोर्टरने दुसरीकडे नेऊन टाकले की होकायंत्र पाहून पुन्हा दिशा लावावी लागते, आणि तेवढ्यात मशाल मंदावू लागलेली असते.