लग्नसराईत तापलेला लॅपटॉप आणि परभणीतलं नऊशे रुपयांचं काम

मानवतला माझं लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं काम आहे. गेमिंग लॅपटॉप घेतला तो ग्राफिक्स कार्डासाठी. रात्री भाचा त्यावर जीटीए खेळतो तो भाग वेगळा. इंटेल आय-फाइव्ह ११४००एच प्रोसेसर, सोबत आरटीएक्स ३०५० कार्ड. यंदा एप्रिलात रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) लावलं की प्रोसेसर लगेच ९७-९८ अंशांवर. याची हद्द १०० अंश, तिच्याजवळ पोचला की जळू नये म्हणून तो आपणच वेग कमी करतो. ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत पळणारा गडी दोनच्या आसपास रेंगाळायचा. हळदीचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ, मी जेवून आलो तरी निम्माच झालेला.

आधी जवळच्याच एका दुकानात दाखवला. त्यानं झाकण न काढता जाळीतून ब्लोअर मारला आणि तीनशे घेतले. वरची धूळ उडाली, आतली आणखी आत जाऊन बसली. म्हणून ‘फॅन साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: मागचं झाकण काढणार का?

परभणीत स्टेशन रोडच्या बोळात जे दुकान सापडलं त्याच्या पाटीवर टीव्ही, इन्व्हर्टर, मोबाईल सगळंच लिहिलंय, त्यामुळं मला भरवसा बेताचाच होता. पण माणूस गिऱ्हाइकाला समोर बसवून काम करतो. उघडायच्या आधी त्यानं लॅपटॉपवर लोड टाकला आणि तापमानाचा फोटो काढून ठेवला. झाकण काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या भागाच्या, स्क्रूंपाशी १, २, ३ असे आकडे असतात. सोडवायचे उलट्या क्रमानं, आवळायचे सुलट्या, तेही थोडे थोडे, नाहीतर चिपच्या एकाच कोपऱ्यावर जोर येतो.

पंख्याच्या पात्यांवर धूळ होतीच, पण खरी गोम त्यांच्या पुढं होती. आमचं घर कापसाच्या जिनिंगच्या वाऱ्याला आहे. पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्या मधल्या फटीत रुईचा थर दाबून बसलेला. चिमट्यानं एक टोक धरून ओढलं तर देवापुढच्या वातीसारखी अख्खी पट्टी निघाली, राखाडी, करंगळीएवढी. हवेला बाहेर जायला वाटच नव्हती, पंखा तीच गरम हवा आतल्या आत घोळवत होता. पट्ट्यांवर पांढरे ठिपकेही होते. “कूलरसमोर ठेवता का हो दादा?” त्यानं विचारलं. ठेवतो की, मे महिन्यात दुसरीकडं बसणार कुठं! बोअरचं पाणी झोताबरोबर उडतं, वाळलं की खार धरतो. ब्लोअर मारताना त्यानं पातं बोटानं अडवून धरलं होतं. मोकळं सोडलं तर पंखा झेपेल त्यापेक्षा जोरात गरगरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

कंपनीची थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्या मधला उष्णता नेणारा लेप) मधोमध जवळजवळ नव्हतीच, कडेला नुसत्या खपल्या. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं. चिप तापते, निवते, पुन्हा तापते, आणि पेस्ट हळूहळू कडेला सरकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सगळं पुसून त्यानं आर्क्टिकच्या एमएक्स-४ची सीलबंद नळी माझ्यासमोर फोडली. हिच्यातून वीज वाहत नाही, जरा कडेला गेली तरी बोर्डाला भीती नाही. भाच्याचा आग्रह पेस्टऐवजी लिक्विड मेटलचा होता. ते गॅलियमचं असतं, वीजही नेतं आणि ॲल्युमिनियमलाही खातं. दुकानदारानं सरळ नाही म्हटलं. महागडा माल गळ्यात मारायची आयती संधी होती, त्यानं सोडली.

बिनसलं ते पॅडवर. ग्राफिक्स मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड काढताना एक फाटला आणि त्या जाडीचा त्याच्याकडं नव्हता. जाड पॅड लावून वेळ मारून नेता आली असती, पण मग हीटसिंक उचललं जातं आणि चिपला नीट टेकत नाही. त्यानं संभाजीनगरहून बरोबर मापाचा मागवला. काम चोख, मान्य. पण लॅपटॉप तिथंच मुक्कामी आणि इकडं नवरदेवाचे मामा फोनवर फोन करतायत. नेहमी लागणाऱ्या जाडीचे पॅड दुकानात असायलाच हवेत.

आता तेच रेंडर ८२-८४ अंशांवर चालतं, ग्राफिक्स कार्ड ८६ वरून ७५ वर आलं, वेग तीन गिगाहर्ट्झच्या खाली जात नाही. हे सगळं दुपारी, खोलीत चाळिशीचा पारा असताना, एसी नाही. पंखे आवाज करतातच, तेवढा करणारच.

पैसे नऊशे, पेस्ट आणि पॅड धरून. बिल वहीच्या पानावर, वॉरंटी तोंडी. पेस्टऐवजी लावायच्या हनीवेलच्या पीटीएम ७९५० शीटबद्दल विचारलं. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते आणि पेस्टसारखी कडेला पळत नाही, म्हणजे आमच्यासारख्यांना तीच बरी. तो ठेवत नाही, पण तुम्ही मागवून नेली तर लावून देतो म्हणाला.

पाचपैकी चार. एक पॅडचा कापला. जिनिंग थंडावल्यावर, लग्नाच्या तारखांची गर्दी सुरू व्हायच्या आत, मार्चात जा. दुपारी जेवणाच्या वेळी शटर अर्धं खाली असतं, वाकून हाक मारली तरी चालतं.